अण्णांनी पास केलेली फरशी

घरात व्हिनाईल टाकायचं की लॅमिनेट, हा प्रश्न हल्ली माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना पडलेला असतो. जुन्या टाइल्स फोडायला नकोत, धूळ नको, आहे त्या फरशीवरच वरून टाकायचं आणि दिसायला लाकूड दिसलं पाहिजे. मग कोणीतरी म्हणतं, हिला विचारा, हिला कळतं त्यातलं. आणि मला खरंच कळतं! लॅमिनेट म्हणजे आत दाबून बसवलेला लाकडाचा भुसा आणि वर लाकडाचा फोटो. व्हिनाईल म्हणजे आत प्लॅस्टिक आणि वर त्याच लाकडाचा फोटो. पहिल्याला पाणी सोसत नाही, दुसऱ्याला गरम भांडं सोसत नाही. पहिल्यावर चाललं की टकटक वाजतं, दुसऱ्यावर चाललं की शेजारच्यालाही कळत नाही. जाहिरातीच्या कंपनीत काम करणाऱ्या बाईला एवढं ज्ञान असायचं काही कारण नव्हतं. पण बंगळुरूच्या येलहंक्यात मी सहा महिने या दोन्हींवरून रोज चढले-उतरले आहे, आणि तेसुद्धा खाली कोणीतरी मोजत बसलेलं असताना.

मोजणारे आमचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या घराण्याला बंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. घरात बोलायचे ते मराठीच, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की नाशिकहून आलेल्या मला पहिले दोन महिने त्यांच्या वाक्यातलं फक्त शेवटचं क्रियापद कळायचं. उभी हयात त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली होती. बाहेरून येणारा प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट त्यांच्या हाताखालून जायचा आणि ते म्हणतील 'पास' तेव्हाच पुढे सरकायचा. निवृत्त झाल्यावर नट-बोल्ट थांबले, अण्णा थांबले नाहीत.

कुठलीही वस्तू घरात घ्यायच्या आधी अण्णा तिला टिचकी मारायचे. कलिंगडाला सगळेच मारतात. अण्णा खुर्चीला मारायचे, नव्या छत्रीच्या दांड्याला मारायचे, माझा फ्रिज वर चढवत होते तेव्हा त्यालाही मारली. एकदा कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली तर तिलाही टिचकी मारून म्हणाले, "कागद बरा आहे. लग्न टिकेल." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माणूस खोटं बोलतो गं, वस्तू नाही बोलत. म्हणून वस्तूलाच विचारायचं."

मी घर बघायला गेले तेव्हा मी घराची पाहणी करते आहे असा माझा भाबडा समज होता. अण्णांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं, स्वतः खाली हॉलमध्ये छताकडे तोंड करून उभे राहिले आणि ओरडले, "चल की गं अम्मा!" मी चालले. "आता जोरात!" मी जोरात चालले. "आता रागात!" म्हटलं, रागात म्हणजे कसं? खालून उत्तर आलं, "ऑफिसचा फोन झाल्यावर चालतेस तसं." माझा स्वभाव त्यांना दहा मिनिटांत कसा कळला देव जाणे. मी रागात चालले. खाली उतरले तर अण्णा बायकोला सांगत होते, "पास." माझ्याआधी आलेला एक चांगल्या नोकरीतला मुलगा टाचा आपटतो म्हणून नापास झाला होता.

त्यांची बायको म्हणजे अक्का. बुटक्या, गोल, हसल्या की आवाज न करता नुसतं पोट हलायचं. मी भाडेकरू म्हणून पास झाले त्याच दिवशी त्यांनी मला आत बसवून उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, खायला घातला आणि म्हणाल्या, "तुझं एका खेपेत झालं की. मला बघायला हे दोनदा आले होते. दुसऱ्यांदा फक्त दात मोजायला."

"सगळे होते," अण्णा अभिमानाने म्हणाले. अक्कांचं पोट हलत राहिलं.

आता फरशीचं. खालच्या हॉलमध्ये अण्णांनी स्वतः निवडलेल्या टाइल्स होत्या. पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या. त्यात बघून भांग पाडता यायचा. त्या निवडताना अण्णांनी त्यांच्यावर बत्ता टाकला होता, खिळ्याने ओरखडे काढले होते, लिंबू पिळून उन्हात ठेवल्या होत्या, आणि मग पास केल्या होत्या. आल्यागेल्याला ते त्या फरशीची गोष्ट पोरीच्या मार्कांसारखी सांगायचे.

गौरीच्या दिवशी सकाळी अक्का दारासमोर पाणी टाकून, रांगोळी काढून, ओल्या पायांनी आत आल्या आणि त्या आरशावर घसरल्या. मी वरून धावत आले. अक्का जमिनीवर आडव्या, अण्णा शेजारी गुडघ्यावर बसलेले आणि दोघांचीही तोंडं खाली फरशीत दिसत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि दवाखान्यातून त्यांची मुलगी त्यांना सरळ आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. ती एचएसआर लेआउटला राहते. म्हणजे आम्ही शहराच्या या टोकाला, ती त्या टोकाला. तिच्याकडे लिफ्ट होती, बाथरूममध्ये धरायला दांड्या होत्या, दिवसभराची नर्स होती. कोणी काय बोलणार?

मुलगी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बोलणं एक घाव दोन तुकडे. तिने फोनवर वडिलांना सांगितलं ते मी स्वतः ऐकलं, कारण अण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे. "अप्पा, ती फरशी असेपर्यंत आई त्या घरात पाऊल टाकणार नाही. उगादीपर्यंत काय ते करा. नाही झालं तर तुम्हीच इकडे या, घर भाड्याने देऊन टाकू आणि विषय संपवू."

उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, सहा महिने होते. आहे त्या टाइल्सवर व्हिनाईल नाहीतर लॅमिनेट टाकायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. कोणालाही वाटेल, त्यात काय एवढं! पण निवडणारे अण्णा होते.

पहिल्या आठवड्यात त्यांनी गावभरची दुकानं फिरून नमुने गोळा केले. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसला निघाले तर माझ्या जिन्याचा रंग बदललेला. खालून वर येणाऱ्या पायऱ्यांवर अण्णांनी एक सोडून एक नमुने चिकटवले होते. पहिलीवर व्हिनाईल, दुसरीवर लॅमिनेट, तिसरीवर व्हिनाईल, असं थेट वरपर्यंत. आणि खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हातात खडू घेऊन स्वतः बसलेले. मी एकदा उतरले की भिंतीवर एक रेघ. चढले की एक रेघ.

"अण्णा, हे काय?"

"तू चाल की. तू फक्त चाल."

चालले. टक, गप्प, टक, गप्प. माझं एक पाऊल वाजायचं आणि एक वाजायचं नाही. मला स्वतःलाच आपण लंगडतोय असं वाटायला लागलं. मी तेव्हा आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करायचे, तर दुपारी अण्णांची हाक यायची, "आज दोनच रेघा? बरं नाही काय तुला?"

"बरी आहे अण्णा, काम आहे."

"मग स्वल्प कॉफी घेऊन जा की खाली येऊन."

मी कॉफीला उतरायचे, कॉफी झाली की वर जायचे. तासाभराने परत हाक. मला वाटायचं अण्णांना एकटं वाटतंय, बिचारे. पुढे कळलं, आठ रेघा भरल्याशिवाय त्यांचा दिवस पुरा व्हायचा नाही. त्या सहा महिन्यांत माझं वजन घटलं आणि झोप उडाली, दोन्ही अण्णांच्या कॉफीमुळे. एकदा तर मला कपाटातून माझ्या उंच टाचांच्या चपला काढून घालायला लावल्या. "टोकाचा भार बघायचा आहे," म्हणे. मी भडकले. म्हटलं, "अण्णा, मी भाडेकरू आहे, तुमच्या कारखान्यातलं यंत्र नाही." तर शांतपणे म्हणाले, "यंत्र एवढं बोलत नसे."

पाण्याची चाचणी अंगणात झाली. एका बादलीत व्हिनाईल, दुसरीत लॅमिनेट, दोन दिवस. व्हिनाईल जसंच्या तसं बाहेर आलं. लॅमिनेट चहात बुडवलेल्या टोस्टसारखं फुगलं आणि त्याचे पापुद्रे सुटले. मला हायसं वाटलं. म्हटलं चला, लागला निकाल. "पण दोन दिवस फरशी पाण्यात कोण बुडवतं म्हणा," असं आपलं मी सहज म्हणून गेले. अण्णांनी नुसतं बोट दाखवलं. त्यांची कामवाली बाई व्हरांडा पुसत होती. पुसत होती म्हणजे, अख्खी बादली ओतून खराट्याने पाणी ढकलत होती. बंगळुरूच्या कुठल्याही बाईला ओल्या फडक्याने पुसून समाधान मिळत नाही, पाणी वाहिलं पाहिजे.

"म्हणजे लॅमिनेट नापास," मी म्हटलं. "व्हिनाईल घ्या आणि अक्कांना आणा."

"स्वल्प थांब."

ते आत गेले आणि शिट्ट्या मारणारा कुकर चुलीवरून उचलून सरळ व्हिनाईलवर आणून ठेवला. पाच मिनिटांनी उचलला तर खाली गोल डाग, जन्मात न जाणारा. "अक्का कुकर खाली ठेवते," अण्णा म्हणाले. "लग्न झाल्यापासून. कितीदा सांगितलं तिला. हेही नापास."

असं चाललेलं. व्हिनाईलवर लोखंडी कपाटाच्या पायाचा खळगा पडला, नापास. लॅमिनेटवर बत्ता पडून टवका उडाला, नापास. मग दोघांना दुसरी संधी, कारण कारखान्याचा तसा नियम होता. घसरण्याची चाचणी तर बघायला गल्ली जमली होती. अण्णांनी रागीच्या पिठाच्या पिशव्या स्वतःच्या ओल्या पायमोज्यांत कोंबल्या, त्यांना दोरी बांधली, आणि नमुन्यांवरून त्या ओढत निघाले. समोरच्या घरातली आजी बराच वेळ बघत होती. शेवटी तिने मला कन्नडमध्ये विचारलं, की बायको गेल्यापासून हे असेच आहेत का. मी म्हटलं, आजी, बायको एचएसआरला आहे, आणि हे पहिल्यापासूनच असे आहेत.

रोज संध्याकाळी पाच वाजता अक्कांना फोन जायचा. मला वाटायचं, काहीतरी प्रेमाचं बोलतील. कसलं काय! "आज कुकर ठेवला. डाग पडला." पलीकडून अक्का, "हूं." "उद्या हळद सांडणार आहे." "हूं." "जेवलीस?" "हूं." झाला फोन. रविवारी तीन ठिकाणी गाडी बदलून ते स्वतः जायचे, दिवसभर बसायचे आणि संध्याकाळी परत. मी एकदा विचारलं, तिकडेच का राहत नाही? तर म्हणाले, "इथे चाचणी चालू आहे. सोडून कसं जमेल?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मुलीचे फोन आता मला यायला लागले. "तुम्ही जरा समजावा ना त्यांना." मी काय समजावणार? शेवटी मीच ठरवलं की यांना एकदा जिथे हा माल तयार होतो तिथेच नेऊन उभं करायचं. बोम्मसंद्र्याला एक कारखाना होता, दोन्ही प्रकार करणारा, आणि त्याचं मोठं दालनही तिथेच. एका शनिवारी टॅक्सी केली. येलहंका ते बोम्मसंद्रा म्हणजे गावाला गेल्यासारखंच. अण्णांच्या मांडीवर थर्मास होता. मी मनात म्हटलं, बघा, लांबचा पल्ला म्हणून कॉफी घेतली आहे, शहाणा माणूस.

दालनात टाय लावलेला एक मुलगा पुढे आला. त्याने खाली पसरलेले सगळे नमुने दाखवले. अण्णांनी ऐकून घेतलं, थर्मास उघडला आणि त्यातलं सारू, चांगलं हळद-चिंच घातलेलं, वाफाळतं, त्या चकचकीत लॅमिनेटवर ओतलं. उरलेलं अर्धं व्हिनाईलवर. मुलाच्या तोंडचं पाणीच पळालं. मी कपाळाला हात लावला. अण्णा घड्याळ बघत उभे.

"सर," तो मुलगा हिंदीत कसाबसा म्हणाला, "दोन्ही चांगले आहेत सर."

"दोन्ही चांगले म्हणतो त्याला एक तर काही माहीत नसतं, नाहीतर त्याच्या घरी चालणारं कोणी म्हातारं नसतं," अण्णा मला मराठीत म्हणाले. मग त्याला कन्नडमध्ये विचारलं, "तुझ्या आईच्या घरी काय टाकलं आहेस?"

मुलगा गडबडला. इकडे तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "लाल सिमेंट आहे सर. आजोबांनी केलेलं."

अण्णांचा चेहरा फुलला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याचा फोन नंबर घेतला, आणि स्वतःच्या रुमालाने सगळं सारू पुसून काढलं. सहा महिन्यांत त्यांना पटलेला तो पहिला विक्रेता.

येताना होसूर रोडवर गाडी अडकली. पुढे लॉऱ्या, मागे लॉऱ्या. मी वैतागले होते, माझा अख्खा शनिवार सारवण्यात गेला होता. म्हटलं, "अण्णा, आता तरी सांगा. कुठलं?"

अण्णा थर्मासचं झाकण लावत-काढत बसले.

"ती पांढरी फरशी मीच पास केली होती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"बत्ता टाकला, खिळा मारला, लिंबू पिळलं. सगळं केलं. ओल्या पायाने एकदा चालून बघितलं नाही. एवढं एकच नाही केलं." खिडकीतून बाहेर बघत होते. "कारखान्यात माझ्या हातून गेलेली एक वस्तू कधी परत आली नाही बघ. आणि घरात एक चुकली, तर तिच्यावर अक्का पडली. आता परत कुठल्या तोंडाने पास म्हणू?"

मला एकदम रडू आलं. मी स्वभावाने तापट आहे, रडू आलं की मला आणखी राग येतो, त्यामुळे मी ड्रायव्हरवर ओरडले, की गाडी नीट चालवा. गाडी उभी होती.

एवढं सगळं कळूनही उगादीला दहा दिवस उरले तेव्हा मी अण्णांवर तोंड सोडलंच. मुलीचा फोन आला होता. अक्कांचे कपडे आणि देव घेऊन जायला ती रविवारी माणूस पाठवणार होती. देव! एकदा बाईचे देव हलले की बाई परत येत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी खाली गेले तर अण्णा पायऱ्यांवरच्या नमुन्यांना टिचक्या मारत बसलेले. म्हणाले, "थंडीतलं झालं. आता कडक उन्हाळ्यातलं एकदा बघू. मे महिन्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अण्णा," म्हटलं, "मे महिन्यात या घरात अक्का नसतील. तुम्ही पण नसाल. मी पण नसेन. काय चाटायची आहे मग ती फरशी? सहा महिने झाले, मला पळवलंत, रागीला पळवलंत, आणि जिला चालायचं आहे तिला एका शब्दाने विचारलंत का, की बाई तुला काय हवं?"

अण्णांच्या हातातला खडू तसाच राहिला. "नाही विचारलं," ते म्हणाले.

मग मलाच माझी लाज वाटली. मी तरी कुठे विचारलं होतं? रोजचे फोन ऐकत होते, रेघा भरत होते, कॉफी ढोसत होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एचएसआरला गेलो. अण्णांच्या एका काखेत व्हिनाईलची फळी, दुसऱ्या काखेत लॅमिनेटची. मुलगी कामावर होती. अक्का बाल्कनीजवळ खुर्चीत बसलेल्या, समोर वॉकर. इतक्या दिवसांनी मी त्यांना जवळून बघत होते. गोल अक्का आता गोल राहिल्या नव्हत्या. मला बघून हसल्या, पण पोट हललं नाही.

अण्णांनी दोन्ही फळ्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. घसा खाकरला. आणि सुरुवात केली, "हे बघ, हे व्हिनाईल. पाण्याला बरं, पण कुकर..."

"ओ," अक्का म्हणाल्या, "हे एवढं सगळं तुम्ही मला आणायसाठी करत होता?"

अण्णा गोंधळले. "मग कशासाठी?"

"मला काय माहीत? रोज फोनवर आज हे नापास, उद्या ते नापास. मला वाटलं, मला घरी आणायचंच नाही म्हणून चाललंय. म्हातारीचं कोण करणार म्हणून." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, भाजी निवडताना बोलावं तशा. "तोंडाने कसं म्हणणार, म्हणून फरशीवर ढकलत असतील म्हटलं."

 आयुष्यभर वस्तूंना प्रश्न विचारणारे अण्णा नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही, नाही. शेवटी खाली जमिनीवरच बसले, अक्कांच्या पायापाशी, आणि लॅमिनेटच्या फळीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं मी बाल्कनीतून उडी मारावी नाहीतर नाहीसं तरी व्हावं.

अक्कांनीच मला सोडवलं. "काय गं, तू सांग. यातलं लवकर कुठलं होतं?"

"लवकर?"

"हां. आधी कुठलं टाकून होईल?"

सहा महिन्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. पायमोजे झाले, कुकर झाला, सारू झालं, पण हे नाही! मी तिथूनच बोम्मसंद्र्याच्या त्या टायवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, लॅमिनेटचा माल यायला पंधरा दिवस. व्हिनाईल तयार पडलं आहे, परवा माणसं पाठवतो, एका दिवसात होईल.

"मग व्हिनाईल," अक्का म्हणाल्या.

"अगं पण त्याच्यावर एकदा उभी तरी राहून बघ," अण्णा खालून म्हणाले. "आणलंय एवढं."

"राहीन की उभी. घरी येऊन."

"आणि कुकर?"

"ओट्यावर ठेवीन," अक्का म्हणाल्या. 

तिसऱ्या दिवशी माणसं आली. ती आत फळ्या जोडत होती आणि अण्णा दिवसभर गेटच्या बाहेर उभे. एकदाही आत आले नाहीत. मी म्हटलं, अहो, बघा तरी कसं दिसतंय. तर म्हणाले, "नको. मी बघितलं की मला काहीतरी सापडेल." जेवायलाही वर माझ्याकडे आले, मागच्या दाराने.

मुलीने रविवारचा माणूस रद्द केला आणि उगादीच्या दोन दिवस आधी अक्कांना गाडीतून आणलं. दारात चपला काढल्या, अनवाणी पाय आणि पुढे वॉकर. मागे मुलगी, तिच्या मागे मी. अण्णा त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उलटे चालत होते. अक्कांनी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. वॉकर पुढे, मग पाय, परत वॉकर, परत पाय. हॉलच्या बरोबर मध्यावर आल्या आणि थांबल्या.

अण्णा पांढरेफटक पडले. "काय झालं? घसरतंय?"

"घसरत नाही ओ."

"मग दुखतंय? बसतेस?"

"दुखत नाही."

"मग थांबलीस का गं?"

"तुम्ही मधे उभे म्हणून," अक्का म्हणाल्या. "रडायचं असलं तर बाजूला होऊन रडा. मला स्वयंपाकघरात जायचंय."

अण्णा बाजूला झाले. अक्का गेल्या.